नानांच्या जीपमधला दुसरा डबा

नाना चोर नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आमच्या नात्यागोत्यातले निम्मे लोक अजूनही लग्नकार्यात भेटले की हसत हसत म्हणतात, "तुमच्या नानांनी रॉकेल पाजून जीप मारली." मी तेव्हाही भांडायचे, आजही भांडते. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणं ही चोरी, आणि नानांनी केलं ते वेगळं. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे धाकटे भाऊ. लहानपणी बैलगाडीचं चाक डाव्या पायावरून गेलं, तेव्हापासून तो पाय ओढत चालायचे. लग्न केलं नाही. सावद्याच्या बाहेर आमची केळीची बाग होती, तिच्यात आबा घड पाहायचे, माणसं पाहायचे, आणि नाना इंजिन पाहायचे. केळीच्या वाफ्यांतून त्यांना फार फिरता येत नसे, म्हणून ते विहिरीवर बसत, आणि जो माणूस विहिरीवर बसतो त्याच्या हातात बागेचा जीव असतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

विहिरीवरचं ते इंजिन पेट्रोलवर सुरू होई आणि रॉकेलवर चाले. आता ती इंजिनं कोणी पाहिली नसतील म्हणून सांगते. त्याच्या डोक्यावर दोन डबे असत, एक लहान पेट्रोलचा, एक मोठा रॉकेलचा, आणि खाली एक पितळी कॉक. थंड इंजिन रॉकेल घेत नाही, म्हणून आधी पेट्रोलवर दोरी ओढून सुरू करायचं, ते चांगलं तापलं की कॉक फिरवायचा आणि रॉकेल सोडायचं. बंद करायच्या आधी पुन्हा कॉक पेट्रोलकडं, म्हणजे दुसऱ्या दिवशी नळीत रॉकेल राहत नाही. कंपनीनंच ते तसं बनवलेलं होतं. नाना हे काम देवपूजेसारखं करत. इंजिनावर हात ठेवून ताप बघत, कान देत, आणि मग दोन बोटांनी कॉक फिरवत. लगेच आवाज बदले. आधीचा फटफट फटफट असा उतावळा आवाज जाऊन जड, भारदस्त आवाज येई, आणि पांढरा धूर केळीच्या पानांवरून हळूहळू निघून जाई. घरात माय भाकरी थापत असायची. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, तिला थापायला हात चांगला लागतो. आवाज बदलला की ती मान वर न करता म्हणायची, "सोडलं त्यायनं रॉकेल. आता पानी येईन." आणि मग मी आणि अक्का पाटाचं पाणी बघायला पळायचो.

नानांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते आल्यागेल्याला ऐकवत. "पेट्रोल म्हंजे च्या, आन् रॉकेल म्हंजे भाकर. च्यानं मानूस उठते, पन काम भाकरीवर करते." हे इतकं पटण्यासारखं होतं की आम्ही कुणी त्यावर कधी शंका काढली नाही. मी स्वतः मॅट्रिक होऊन बसलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी मुलगी होते, आणि माझ्याही डोक्यात हेच पक्कं होतं की पेट्रोल हे उठवण्यापुरतं असतं.

मग जीप आली. सरकारी लिलावातली, रंग उडालेली, पेट्रोलवर चालणारी जुनी जीप. नानांना आयुष्यात जर काही हवं असेल तर ती हीच वस्तू. तिच्यात बसले की त्यांचा पाय दिसत नसे. ज्या माणसासाठी गावात लोक वाट सोडून उभे राहत, कारण त्याला चालायला वेळ लागतो, तोच माणूस आता हॉर्न वाजवून लोकांना बाजूला करू लागला. पहिल्या दिवशी त्यांनी मायला, आम्हा दोघींना आणि शेजारच्या चार बायकांना बसवून फैजपूरपर्यंत नेऊन आणलं. परत येताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुळीमुळं आहे असं ते सांगत होते.

जीप आल्यावर थोड्याच दिवसांत नानांनी तिच्यात दुसरा डबा बसवला. मागच्या सीटखाली पत्र्याचा डबा, त्यातून एक नळी, आणि पायाजवळ पितळी कॉक, हुबेहूब विहिरीवरच्यासारखा. सकाळी पेट्रोलवर सुरू करायची, तापली की कॉक फिरवायचा. हे काही लपूनछपून नव्हतं. डबा आम्हा सगळ्यांना माहीत होता, तो आम्ही पाहिला होता, मी तर नळी धरून उभी होते. कुणाला त्यात वावगं काही वाटलंच नाही. इंजिन म्हटलं की दोन डबे, दोन डबे म्हटले की कॉक. गाईला चार पाय असतात तसं ते आमच्या घरात ठरलेलं होतं. मग जीपला एकच डबा आहे म्हटल्यावर नानांना वाटलं, बनवणाऱ्यानं काम अर्धंच सोडलं.

आता आवाजाबद्दल. रॉकेलवर गेली की जीप वाजायला लागे. सपाट रस्त्यावर फार नाही, पण ओझं असलं किंवा चढ लागला की पितळेच्या गुंडीत हरभरे टाकून हलवावेत तसा खणखण आवाज इंजिनातून येई. मायनं तो पहिल्याच दिवशी पकडला. ती म्हणाली, "भाऊजी, त्या गाडीच्या पोटात कोनी दाने हालवते काय?" नाना हसले. "वैनी, ती जोर लावू राह्यली. तुम्ही जातं ओढता तं तुमच्या बांगड्या वाजत नही काय?" मायनं आपल्या बांगड्यांकडं पाहिलं. पण तिला काही ते पटलेलं नव्हतं. जीप दारातून गेली की ती कपाळाला आठी घालून उभी राहायची, हे मला अजून दिसतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सिंधू. तिनं फैजपूरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलं होतं, आणि त्यानंतर घरात दोनच विषय होते. एक, रावेरकडचं स्थळ. दुसरा, धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा. स्थळ चांगलं होतं, तेच तर वाईट होतं. नाही म्हणायला काही कारण सापडत नव्हतं. आबा शांत माणूस, त्यांनी अक्काला एवढंच सांगितलं, "नोकरी लागली तर त्यायले थांबायले सांगतो. नही लागली तर मले बोलता येनार नही." अक्कानं ते मान्य केलं. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर येऊन थांबलं. शाळेनं कळवलं होतं की उमेदवारानं आपल्या आवडीच्या विषयावर, सुटीत मुद्दाम बोलावलेल्या मुलींच्या वर्गात एक पाठ घेऊन दाखवायचा, समिती मागे बसेल, आणि दुपारी नाव पुकारल्यावर जो हजर नसेल त्याचा विचार होणार नाही.

अक्कानं विषय निवडला, मोटारीचं इंधन आणि ऑक्टेन क्रमांक. आणि मग आमच्या घराची शाळा झाली. ओसरीच्या भिंतीवर तिनं कोळशानं एक सिलिंडर काढला, त्यात वरखाली होणारा दट्ट्या काढला, वर ठिणगी काढली. माय चुलीशी, आबा दाराशी, मी खांबाला टेकून, आणि नाना अगदी पुढे, पाय पसरून, मांडीवर कपबशी. त्यांच्याइतका चांगला विद्यार्थी मी पुढं अक्काच्या कुठल्याच वर्गात पाहिला नाही. तिनं "नमस्ते मुलींनो" म्हटलं की ते "नमस्ते बाई" म्हणत.

तिचा पाठ मला आजही पाठ आहे, कारण तो मी रोज सकाळ-संध्याकाळ ऐकला. ती म्हणायची, "मुलींनो, सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. दाबली की ती तापते. मग ठिणगी पडते, आणि ज्योत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला शिस्तीत जाते. पण काही इंधनांना दम नसतो. ज्योत यायच्या आधीच ती दाबानं, तापानं आपली आपण पेटतात. आता आपली पंगत बघा. वरण-बट्टीची पंगत बसली आहे, केळीची पानं मांडली आहेत, वाढपी या टोकाकडून निघाला आहे. सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात आवरून बसतो तो जास्त ऑक्टेनचा माणूस. आणि तूप पडायच्या आधीच बट्टी फोडून खायला लागतो तो कमी ऑक्टेनचा."

"मंग मी कमी ऑक्टेन!" नाना ओरडायचे, आणि माय तोंडाला पदर लावायची, कारण ते खरं होतं.

"मुलींनी मध्ये बोलू नये," अक्का म्हणायची. "अशी दोन टोकांनी पंगत पेटली की मध्ये टक्कर होते. तीच टक्कर म्हणजे इंजिनाचा ठोका. शास्त्रज्ञांनी एक मोजपट्टी ठरवली. आयसोऑक्टेन नावाचं द्रव्य फार दमाचं, त्याला शंभर गुण. हेप्टेन अगदी उतावळं, त्याला शून्य. बाकी सगळी इंधनं या दोघांच्या तुलनेत मोजायची. म्हणजे ऑक्टेन क्रमांक हा इंधनाचा जोर सांगत नाही, त्याचा दम सांगतो. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला दमाचं इंधन हवं. रॉकेलला दम फार कमी." आणि मग तिचा शेवटचा प्रश्न, तो विचारताना ती मुद्दाम आवाज चढवायची. "आता सांगा, पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणारा माणूस शहाणा की वेडा?"

"चोर!" नाना मांडीवर थाप मारून म्हणायचे. "त्याले तं पंपालेच बांधून ठेवा!" आणि टाळ्या वाजवायचे.

ते मनापासून बोलत होते. भेसळीचा त्यांना इतका राग होता की पंपावर गेले की आधी तळहातावर पेट्रोलचे दोन थेंब घेत, फुंकर मारून उडवत आणि वास घेत. रॉकेलचा वास आला की पंपवाल्याच्या सात पिढ्या काढत. मिसळणं ही त्यांच्या दृष्टीनं लबाडी होती. वेगळा डबा, वेगळी नळी, इंजिन तापल्यावर कॉक, ही मात्र पद्धत होती. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी कधी आल्याच नाहीत. आणि त्यांचं सोडा, माझ्या तरी कुठं आल्या? अक्काच्या कुठं आल्या? उत्तर अक्काच्या तोंडात होतं, आवाज मायच्या कानात होता, डबा नानांच्या पायाशी होता, आणि आम्ही सगळे एकाच ओसरीवर बसून हसत होतो. याचा जो धक्का मला बसला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते, मग धुळ्याच्या वाटेला लागू. अक्काच्या पाठात एक वाक्य होतं की पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला त्यात शिशाचं एक संयुग घालतात. ते ती कौतुकानं सांगायची, विज्ञानाची कमाल म्हणून. आणि त्याच पेट्रोलची नळी नाना तोंडानं ओढत, थुंकत, हसत. आम्ही हाताचा केळीचा चीक त्याच पेट्रोलनं काढायचो. पुढं कळलं की शिसं म्हणजे विषच, आणि सरकारनं ते पेट्रोलमधून काढून टाकलं. आता मी राहते त्या धुळ्याच्या देवपुरातल्या पंपावर इथेनॉल घातलेलं पेट्रोल मिळतं. तेही ऑक्टेन वाढवतं म्हणे. माझा नातू आपल्या साध्या फटफटीत महागातलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालून येतो आणि म्हणतो, आजी, गाडीला काय ताकद आली! मी त्याला पंगत सांगते. जो आधीच हात आवरून बसलेला आहे, त्याला आणखी हात आवरायला सांगून बट्टी जास्त मिळत नाही. तो ऐकत नाही. आमच्या घराण्याला इंधनाबद्दल ऐकण्याची सवयच नाही.

त्या दिवशी आम्ही दिवस उगवताना निघालो. नाना गाडी चालवायला, शेजारी अक्का, मागे मी, डब्याच्या वरच. माझ्या मांडीवर कळण्याच्या भाकरींचं, ठेच्याचं आणि कांद्याचं गाठोडं. मागं जागा मोकळी आहे म्हणून आबांनी धुळ्याच्या एका नातेवाइकासाठी केळीचे घड भरून दिले होते, इतके की माझे पाय दिसत नव्हते. मायनं अक्काच्या हातावर दही घातलं. मग जीपच्या टपावर हात ठेवून नानांना म्हणाली, "हळू जा बरं, भाऊजी. ते दाने फार वाजवू नका." फैजपूर मागे पडलं आणि नानांनी दोन बोटांनी कॉक फिरवला. ते मी पाहिलं. मला बरंच वाटलं, की चला, आता गाडी कामाला लागली.

उन्हाळा संपत आला होता, पण ऊन काही संपलं नव्हतं. तापीचा पूल झाला, भुसावळ झालं, जळगावला चहा झाला. जळगावच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं, आणि वारा तव्यावरून आल्यासारखा. अक्का डोळे मिटून ओठांनी पाठ म्हणत होती. इंजिन खणखण वाजत होतं. तिच्या ओठांवर "इंजिनाचा ठोका" आणि तिच्या पायांखाली तोच ठोका. मी मागून दोन्ही ऐकत होते. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. त्यानंतर एक लांबलचक, हळू चढ लागला, आणि पुढं एक ट्रक असल्यामुळं नानांनी जोर दिला. आवाज वाढला. हरभऱ्यांचे जणू दगड झाले. नाना स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले, "लाव, लाव जोर, माही माय!"

आणि मग तो धडाका झाला. टायर फुटल्यासारखा नाही, कुणीतरी आतून घण मारल्यासारखा. जीपला हिसका बसला, अक्काचं कपाळ समोर आपटलं, बॉनेटच्या फटींतून निळा धूर निघाला आणि सगळं एकदम शांत झालं. इतकं शांत की घडांतून एक केळं सुटून पडलं ते ऐकू आलं. नाना उतरले. पाय ओढत पुढं गेले, खाली वाकले आणि तसेच राहिले. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. आतला दांडा वाकून बाहेर आला होता, आणि काळं तेल डांबरावर पसरत चाललं होतं. मी आयुष्यात लोखंड असं फाटलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं लोखंड वाकतं, झिजतं, पण फाटत नाही. नानांनी त्या भोकात हात घालायचा प्रयत्न केला आणि चटका बसल्यावरही लगेच काढला नाही. मग ते रस्त्यावर बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. आम्ही दोघी उभ्या होतो आणि काय करावं ते सुचत नव्हतं, कारण नाना रडतात हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पुढं गेलेला ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरून आला, तेलाकडं पाहिलं, भोकाकडं पाहिलं, आणि डोक्याचं फडकं काढून अहिराणीत म्हणाला, "ह्या गाडीना जीव गया, दादा. बठ्ठं तेल वही गयं." मग अक्काच्या कपाळावरचं टेंगूळ आणि हातातली पिशवी बघून, "तुमले कोठे जानं शे, बहिन?"

"धुळ्याला. दुपारी माझी मुलाखत आहे."

"मंग बसा ना. मी धुयालेच जाई राहिनू."

अक्का हलेना. ती म्हणाली, "नानांना असं रस्त्यात सोडून मी कशी जाऊ?" तेव्हा नानांनी नाक पुसलं आणि तिच्यावर खेकसले. "जाय तू! गाडी काही पयून जात नही, आन् मीबी जात नही. मी ह्या पायानं कुठी जानार? सिंधे, तू आज नही गेली तं ही गाडी फुकट मेली." मी भाकरीचं गाठोडं त्यांच्यापाशी ठेवलं. ट्रक निघाला तेव्हा मी मागं पाहिलं. नाना जीपला पाठ लावून, कडुनिंबाच्या तोकड्या सावलीत बसले होते, आणि हात वर करून हलवत होते.

शाळेत पोचलो तेव्हा अक्काच्या आधीचं नाव चालू होतं. तिच्या लुगड्याला काळे डाग, केसांत धूळ, आणि अंगाला रॉकेलचा वास. बाहेर बसलेल्या बाकीच्या उमेदवार बायका जरा सरकून बसल्या. मुख्याध्यापिका उंच, पांढऱ्या केसांच्या, फार न बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी प्या आणि सुरू करा." मी मागच्या बाकावर, समितीच्या शेजारी बसले. अक्कानं फळ्यावर सिलिंडर काढला. पहिल्यांदा तिचा आवाज कापत होता, मग पंगत आली, मुली खुदकन हसल्या, आणि ती सावरली. समितीतले एक गृहस्थही हसले. मी मनात म्हटलं, लागली नोकरी.

आयसोऑक्टेन झालं, हेप्टेन झालं. तिनं विचारलं, "ज्याला दम फार कमी, अशा इंधनाचं नाव कोण सांगेल?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "रॉकेल, बाई."

"शाब्बास. आता असं रॉकेल दाबाच्या इंजिनात गेलं, तर ते..."

आणि ती थांबली. खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. तिनं सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मुलींकडं नाही, समितीकडं नाही, थेट माझ्याकडं. त्याच क्षणी मलाही कळलं. डबा, नळी, कॉक, हरभरे, मायच्या कपाळावरची आठी, लोखंडाचं ते भोक. सगळं एकदम. माझ्या तोंडातून "अगं बाई" असं निघालं आणि शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. वर्गात चुळबूळ सुरू झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "विसरलात का?"

"नाही," अक्का म्हणाली. "विसरले नाही. मला आत्ता कळलं." आणि मग तिनं खडू खाली ठेवला आणि त्या मुलींना सगळं सांगितलं. विहिरीवरचं इंजिन सांगितलं. त्यात दाब कमी असतो, म्हणून त्याला रॉकेल चालतं, हे सांगितलं. जीपमध्ये दाब जास्त, तिथं तेच रॉकेल कसं आपलं आपण पेटतं, दट्ट्या वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर कसा घण बसतो, न जळलेलं रॉकेल खाली झिरपून तेल कसं पातळ करतं, आणि मग दांडा कसा सुटतो. पुस्तकातलं एकेक वाक्य आणि शेजारी आमच्या जीपचा एकेक आवाज. आठवडाभर तिनं पाठ केलेलं होतं, पण ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा समजत होतं, आणि ते आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. "ठोका कसा वाजतो हे मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तो मी महिनाभर ऐकत होते. मला वाटायचं, गाडी जोर लावतेय." कुणी हसलं नाही. त्या पुढच्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, "बाई, मग तुमचे काका आता कुठं आहेत?"

"रस्त्यावर," अक्का म्हणाली.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा मला खात्री होती की संपलं. आता रावेरचं स्थळच, आणि वर जीपही गेली. पण मुख्याध्यापिका व्हरांड्यात आल्या. "शाळा सुरू होईल त्या दिवशी रुजू व्हा," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "आधी काकांना घरी न्या." मी आनंदानं अक्काचा हात दाबला. तो थंड होता. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मंगल, हे मी त्यायले कसं सांगू?" मग आम्ही परतीची एस.टी. पकडली.

कंडक्टरनं त्या चढावर उतरवलं. नाना तिथंच होते. जवळच्या वस्तीतल्या कुणीतरी त्यांना पाण्याचा माठ आणून दिला होता. त्यांनी उपरणं पसरून त्यावर इंजिनातून पडलेले तुकडे ओळीनं मांडून ठेवले होते, आणि त्यांतला एक हातात घेऊन निरखत होते. भाकरीच्या गाठोड्याची गाठ तशीच होती. आम्हाला बघताच तुकडा खाली ठेवून म्हणाले, "काय झालं? पाठ कसा झाला?"

"नोकरी लागली, नाना."

ते उठले. पाय विसरले आणि जवळजवळ पडलेच. "लागली! म्हंजे गाडी गेली तं गेली, काम करून गेली!" त्यांनी आम्हा दोघींच्या पाठीवर तेलकट हातांनी थापा मारल्या. ते डाग पुसायचं भान कुणाला नव्हतं. मग ते लिलाववाल्यांवर घसरले. झिजलेलं इंजिन गळ्यात मारलं, त्यांना सोडत नाही, उद्याच जाऊन गचांडी धरतो, असं काहीबाही. अक्कानं ते सगळं ऐकून घेतलं. मग ती त्यांच्या उपरण्याशी जमिनीवर बसली आणि दट्ट्याचा एक तुकडा उचलून त्यांच्यापुढं धरला. त्याच्या माथ्याला बारीक बारीक खड्डे पडले होते, दगडी पाट्याला टाकी मारल्यावर पडतात तसे.

"नाना," ती म्हणाली, "पंगत आठवते?"

ते हसले. "कमी ऑक्टेन म्हंजे मी!"

अक्का हसली नाही. नानांनी तो तुकडा हातात घेतला. खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यांची नजर जीपकडं गेली, उघड्या दारातून आत, पायाशी असलेल्या त्या पितळी कॉककडं. रस्त्यानं दोन-तीन गाड्या गेल्या. त्यांचं हसू हळूहळू कमी झालं नाही, ते एकदम गेलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हंजे तू इतके दिस शिकवत व्हती," ते म्हणाले, "ते माह्याच गाडीचं व्हतं?"

अक्कानं मान हलवली.

"आन् मी समोर बसून टाया वाजवत व्हतो."

अक्का त्यांच्या शेजारी सरकली, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी. शाळेतली तिची ती शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली होती. "नाना," ती म्हणाली, "शिकवत तं मीच व्हती ना."